मुळांवरच्या केसांचं जागावाटप

मूळपुरुष (कऱ्हाड)

आपल्या गटात ह्युमिक आम्लाच्या धाग्यावर, बाटलीतून विकतात त्या 'केशमुळं फोडणारं औषध' यावरून जी हाणामारी चाललीय तिच्यात मी पडत नाही. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न जास्त छळतो. मुळाच्या सालीत दोन पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. जनुकं दोघींत तीच, माती तीच, पाणी तेच. एकीला केस फुटतो आणि दुसरी जन्मभर गुळगुळीत राहते. हे ठरवलं कुणी?

आधी माप सांगतो. बागेत आपण 'पांढरी मुळी चालली' म्हणतो, ती मुळी हजारो पेशींची असते. मूलरोम म्हणजे सालीतल्या एकाच पेशीनं बाहेर काढलेली नळी. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी, लांबी बहुतेकदा मिलिमीटरच्या आतबाहेर, आयुष्य थोड्या दिवसांचं. पण संख्या बघा. १९३७ साली डिटमर नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं राय या गव्हाच्या भावकीतल्या पिकाचं चार महिन्यांचं एक रोप खोक्यात वाढवून त्याच्या मुळांचा हिशोब मांडला. मुळांची एकूण लांबी ६२३ किलोमीटर. त्यांवरचे केस सुमारे १४०० कोटी, एकापुढे एक लावले तर दहा हजार किलोमीटरच्या वर. एका रोपाचे!

आता मूळ प्रश्न. त्याचं उत्तर सापडलं ते अरेबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या टीचभर तणावर. त्याचं कोवळं मूळ आडवं कापलं तर सालीच्या लगेच आतल्या थरात आठ पेशी गोलात बसलेल्या दिसतात. सालीतली जी पेशी यांतल्या दोघींच्या सांध्यावर बसते, तिला केस. जी एकाच पेशीच्या पाठीवर बसते, तिला नाही. आठ पेशी म्हणजे आठ सांधे, म्हणून मुळाच्या लांबीभर केसांच्या आठ ओळी आणि त्यांच्या मधून दहा ते चौदा बिनकेसाच्या ओळी.

थोडक्यात घराणं बघत नाहीत, बसायची जागा बघतात. कधीमधी केसाच्या ओळीतली एखादी पेशी उभी विभागते आणि तिची एक लेक सांध्यावरून सरकून एका पेशीच्या पाठीवर येते. आई, आजी, पणजी सगळ्या केसवाल्या, पण ही लेक बिनकेसाची निघते. २००६ साली सिल्विया कोस्टा आणि पीटर शॉ यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की जागा बदलली की ग्लॅब्रा-२ या जनुकाभोवतीची डीएनएची गुंडाळीही पेशी नव्यानं बांधते, आणि त्यासाठी तिला पिढ्या लागत नाहीत.

ग्लॅब्रा-२ हे नाव लक्षात ठेवा. ते चालू असलं की केस नाही, बंद असलं की केस. बाकीची सगळी भानगड या एका जनुकाला चालू ठेवायचं की बंद, यावरून आहे. वाचणारे असतील तर पुढचं लिहितो.

वाळव्याचा_गडी (ता. वाळवा)

वाचणारे हायेत, लिवा. १४०० कोटीवर जरा थांबलो. आमच्या ग्रामपंचायतीचं बजेट आठवलं.

फळामास्तरीण (सातारा)

मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात मूलरोमांचं चित्र असतं, नाव द्यायचं, दोन गुण. पेशी 'ठरवते' कसं, हे आजवर एकाही मुलानं विचारलं नाही आणि खरं तर मलाही सुचलं नव्हतं. पण एक कळलं नाही. सालीतल्या पेशीला डोळे नाहीत. आपण सांध्यावर बसलोय की पाठीवर, हे तिला समजतं कसं?

द्राक्षवेडा (तासगाव)

+१. हाच प्रश्न.

मूळपुरुष (कऱ्हाड)

बाई, नेमकं बोट ठेवलंत.

आतल्या थरातल्या पेशींमध्ये जॅकडॉ नावाचं एक प्रथिन काम करतं, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या थराला इशारा जातो. सालीच्या पेशींच्या पडद्यावर तो पकडणारं ग्राही प्रथिन असतं, नाव स्क्रॅम्बल्ड. हे २००५ मध्ये सापडलं. जी पेशी खाली दोघींना टेकलेली असते तिच्यात हा इशारा जोरात पोचतो. इशाऱ्याचा परिणाम एवढाच, की तिथं वेअरवुल्फ नावाचं प्रथिन कमी बनतं. बस. सुरुवातीला फरक इतकाच, थोडं कमी आणि थोडं जास्त. पण पुढे जे होतं त्यानं या थोड्याशा फरकाचं पक्कं हो किंवा नाही होतं. खरी मजा तिथं आहे.

वेअरवुल्फ हे नाव पडलं कारण ते जनुक बिघडलं की मूळ सगळीकडून केसाळ होतं. मिशिगन विद्यापीठातल्या जॉन शिफेलबाइन यांच्या प्रयोगशाळेनं १९९९ मध्ये ते ओळखलं. म्हणजे वेअरवुल्फचं काम केस अडवण्याचं. पण ते एकट्यानं काही करू शकत नाही. त्याला ग्लॅब्रा-३ नावाचा जोडीदार धरावा लागतो, शिवाय टीटीजी-१ नावाचं तिसरं प्रथिन लागतं. तिघं जमली की ग्लॅब्रा-२ चालू, केस रद्द. पाठीवर बसलेल्या पेशीत हे घडतं.

आता लक्ष द्या. तेच त्रिकूट त्याच पेशीत आणखी एक जनुक चालू करतं, कॅप्रिस. आणि कॅप्रिसचं काम केस आणण्याचं! १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं, ते बिघडलं तर मुळावर केस अगदी थोडे येतात. मग जी पेशी स्वतः केस आणणारच नाही, ती हे कशाला बनवते?

कारण ते तिथं थांबत नाही. अवघ्या ९४ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन पेशीभिंतीतल्या बारीक वाटांनी शेजारणीकडे जातं. तिच्याकडे इशाऱ्यामुळे वेअरवुल्फ आधीच कमी. कॅप्रिस तिथं जाऊन ग्लॅब्रा-३ला वेअरवुल्फच्या जागी धरून बसतं. पण कॅप्रिसमध्ये जनुक चालू करणारा भागच नाही. त्यामुळे जमाव जमतो, काम होत नाही, ग्लॅब्रा-२ बंद पडतं आणि शेजारणीला केस फुटतो.

उलट दिशेनंही देवाणघेवाण आहे. ग्लॅब्रा-३ मुख्यतः केसवाल्या जागच्या पेशीत तयार होतं आणि तिथून बिनकेसाच्या पेशीत जातं. म्हणजे बिनकेसाची पेशी शेजारणीला केस आणायला लावते, आणि केसवाली शेजारीण तिला गुळगुळीत राहायचं साहित्य पुरवते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला.

वाळव्याचा_गडी (ता. वाळवा)

थांबा मास्तर, माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर सांगा. ग्लॅब्रा-३ हा एक बैल. त्याच्या जोडीला जुवाला वेअरवुल्फ बांधला तर औत चालतं. कॅप्रिस हा दुसऱ्या वस्तीवरनं आलेला आळशी बैल. जुवाखाली मान देतो, पर वढत न्हाई. आन जागा अडवून बसल्यामुळं चांगला बैल बांधता येत न्हाई. नांगरट बंद, म्हंजी केस चालू.

मूळपुरुष (कऱ्हाड)

हे मी वर्गात वापरणार, परवानगी द्या. टीटीजी-१ला जू म्हणा, म्हणजे तिघांचा हिशोब पुरा.

फळामास्तरीण (सातारा)

शंका. कॅप्रिस जिथं बनतं तिथंच वेअरवुल्फला का अडवत नाही? तिथंही तेच जू आहे की.

जनुकवाला (मूळ गाव मिरज)

लिहू का? या विषयाच्या आसपास मी काम केलंय.

तिथं वेअरवुल्फ भरपूर असतं आणि कॅप्रिस बाहेर निसटत राहतं, म्हणून संख्येच्या जोरावर वेअरवुल्फ जिंकतं. शेजारणीत उलटं. सुरुवातीचा किरकोळ फरक पक्का होतो तो इथं. एका पेशीत वेअरवुल्फ जितकं प्रबळ, तितकं कॅप्रिस जास्त बनतं, तितकं शेजारणीत वेअरवुल्फ हतबल. दोघी एकमेकींना विरुद्ध टोकांना ढकलतात. मधली स्थिती टिकतच नाही.

एक भर. हेच त्रिकूट पानावर उलटं वागतं. पानात वेअरवुल्फच्या जागी त्याचा भाऊबंद ग्लॅब्रा-१ असतो, आणि तिथं ग्लॅब्रा-२ चालू झालं की केस *येतो*. म्हणून टीटीजी-१ बिघडलेलं रोप फार विचित्र दिसतं: पानं टकली, मुळं केसाळ, आणि बी तपकिरीऐवजी पिवळं, कारण बियांच्या सालीचा रंगही त्याच प्रथिनावर अवलंबून. वेअरवुल्फ आणि ग्लॅब्रा-१ यांची अदलाबदल करून पाहिलीय, एकाचं काम दुसरं करतं. प्रथिन तेच काम करतं, ते कुठं चालू होतं त्यावर निकाल फिरतो.

रोखठोक (सांगली)

सगळं छान, पण हे अरेबिडॉप्सिस खातो कोण? आमच्याकडे ऊस, सोयाबीन, हळद, द्राक्ष. यांच्या मुळात आठ पेशी मोजत बसायचं का? परदेशी तणावरचं संशोधन इथं चिकटवायची फॅशन झालीय.

जनुकवाला (मूळ गाव मिरज)

प्रश्न बरोबर आहे, सूर थोडा खाली घेतला तरी चालेल.

पट्ट्यांची ही पद्धत सगळ्या झाडांत नसते. ढोबळ तीन तऱ्हा आहेत. मोहरी, कोबी यांच्या कुळात जागेनुसार पट्टे. भातात आणि बऱ्याच गवतांत पेशी विभागतानाच असमान विभागते, एक आखूड आणि एक लांब, आणि आखूड लेकीला केस येतो. पाटण-जावळीकडचा भात याच तऱ्हेचा. तिसरी तऱ्हा सर्वांत जास्त झाडांत दिसते, तिथं सालीची कुठलीही पेशी केस काढू शकते, ओळ वगैरे काही नाही. टोमॅटो आणि सोयाबीन यात येतात.

म्हणून वेअरवुल्फ-कॅप्रिसची गोष्ट जशीच्या तशी सोयाबीनला लावायची नाही, हे मान्य. पण केस काढायचा हे ठरल्यानंतरची यंत्रणा खूप जुनी आणि बरीचशी सामाईक आहे. ग्लॅब्रा-२ बंद झालं की आरएचडी-६ आणि आरएसएल-१ ही जनुकं मोकळी होतात, ती आरएसएल-४ला उठवतात, आणि केस वाढू लागतो. २००७ मध्ये लियाम डोलन यांच्या गटानं 'सायन्स'मध्ये दाखवलं की याच घराण्यातली जनुकं मॉसमध्येही आहेत. मॉसला मूळ नसतं, जमीन धरायला नुसते धागे असतात. मॉसचं जनुक काढून केस न येणाऱ्या अरेबिडॉप्सिसमध्ये घातलं तर केस आले! महाबळेश्वरच्या दगडी भिंतींवर पावसाळ्यात जे हिरवं मखमली असतं ना, त्याच्या भाईबंदांची गोष्ट चाललीय.

रोखठोक (सांगली)

मॉसचं पटलं. बाकी ठीक.

हळदीचं_शिवार (सांगली)

मध्येच वेगळं विचारते. मी डब्यात ओल्या कागदावर मोहरी आणि मुळा उगवते, कोशिंबिरीत घालायला. तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरं कापसासारखं दिसलं म्हणून बुरशी समजून टाकून दिलं. ते हे केस होते का?

मूळपुरुष (कऱ्हाड)

ताई, बहुधा केसच. ओळखायची खूण: केस फक्त मुळाभोवती, टोकापासून थोडं मागं, चहूबाजूंनी सारखे, ब्रशसारखे दिसतात. बुरशी बियावर, कागदावर, कुठंही जाळं धरते आणि कुबट वास येतो. पाणी फवारलं की केस मुळाला चिकटून दिसेनासे होतात, थोड्या वेळानं सुकले की पुन्हा दिसतात. बुरशीचं जाळं असं विरत नाही.

आणि फळामास्तरीण बाई, हीच मोहरी तुमच्या वर्गासाठी. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात कोवळं मूळ, वर झाकण-काच, शाळेचं साधं सूक्ष्मदर्शक पुरे. मोहरी पट्टेवाल्या कुळातली आहे, तेव्हा केसांची ओळ, मग बिनकेसाची ओळ, हे मुलांना दिसू शकेल. मूळ चिमट्यानं टोकाकडून धरू नका, बियाकडून उचला.

केस टोकाला का नसतात हेही दाखवा. टोकाशी पेशी विभागतात, त्याच्या मागं लांब होतात, आणि लांबण्याचं थांबल्यावरच केस फुटतो. मूळ पुढं सरकत असताना केस काढला असता तर मातीत घासून तुटला असता. निवड मात्र खूप आधी झालेली असते. ग्लॅब्रा-२चा पट्टेरी नमुना बियातल्या गर्भातच दिसतो.

द्राक्षवेडा (तासगाव)

माझा प्रश्न पोटापाण्याचा. आमची जमीन काळी, चुनखडीची, सामू (पीएच) ८च्या वर. माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) कमी आलं की सगळे म्हणतात डीएपी खत टाका. टाकतो. तरी पानात स्फुरद कमीच. यात या केसांचा काही संबंध?

जनुकवाला (मूळ गाव मिरज)

सरळ संबंध. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. स्फुरद येत नाही. चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमला बांधलं जातं, आणि जे मोकळं असतं तेही मातीत फार हळू सरकतं. मुळाभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा भाग रिकामा झाला की पुढचं स्फुरद तिथं लवकर पोचत नाही. तेव्हा झाडापुढे उपाय एकच, आपणच पुढं जायचं. मूळ वाढवणं महाग, केस लांबवणं स्वस्त.

अरेबिडॉप्सिसमध्ये स्फुरद कमी पडलं की केस लांबतात आणि दाटही होतात. दाट होण्याचं एक कारण वर मूळपुरुषांनी सांगितलेल्या जागावाटपातच आहे: आतल्या थरात पेशींच्या ओळी वाढतात, म्हणून सांधे वाढतात, आणि केसांच्या ओळी ८वरून साधारण १२वर जातात.

लांबण्याची साखळी २०१८ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आली. स्फुरद कमी, की मुळाच्या टोकाशी ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त बनतं. ऑक्स-१ नावाचं वाहक प्रथिन ते केसांच्या पट्ट्यापर्यंत मागे नेतं, तिथं आरएसएल-२ आणि आरएसएल-४ जागी होतात, केस लांबतो. त्या शोधनिबंधावरचं पहिलं नाव राहुल भोसले, आडनाव बघा, साताऱ्याच्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. त्याच अंकमालिकेत भातावरचा निबंध आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेचे जितेंदर गिरी आणि सहकाऱ्यांचा. भातातही ऑक्स-१ बिघडलं तर कमी स्फुरदात केस लांबत नाहीत. रोखठोक, हे तणावरचं नाही, भातावरचं आहे.

रोखठोक (सांगली)

वाचलं. एक गुण तुम्हाला.

द्राक्षवेडा (तासगाव)

मग डीएपी कमी करून झाडाला उपाशी ठेवायचं, केस वाढतील म्हणून? घड कोण भरणार?

मूळपुरुष (कऱ्हाड)

तसं कुणी म्हणत नाही. उपाशी झाड केस वाढवतं ते नाइलाजानं. पण दरवर्षी डोळे झाकून वरून स्फुरद ओतलं तर ते चुन्यात अडकतं आणि मुळाजवळ थर साचत जातो, हा अनुभव तुमच्याकडेच जास्त असेल. माझं मत: स्फुरद मुळाच्या पट्ट्यात, थोडं थोडं, सेंद्रिय खताबरोबर. आणि जमीन दबलेली नको. ट्रॅक्टरच्या चाकोरीखाली आणि सतत चिखल असलेल्या वाफ्यात हवा नसते, तिथं पांढरी मुळीच चालत नाही, मग केसांची बात कुठली.

वाळव्याचा_गडी (ता. वाळवा)

आता ते बाटलीचं सांगाच. दुकानदार म्हनतो, ड्रिपमधनं सोडा, आठ दिसात केशमुळांचा गुच्छ. पैसं दिलं, सोडलं, वरंबा उकरून बघितला. मला तरी फरक दिसला न्हाई.

जनुकवाला (मूळ गाव मिरज)

उकरून जे बघितलंत ती पांढरी मुळी. मूलरोम तसे दिसत नाहीत, आणि मुळी उपटताना ते मातीबरोबर तुटतात. म्हणून 'केशमुळांचा गुच्छ' असं लिहिलेली बाटली बहुतेकदा उपमुळांबद्दल बोलत असते.

ऑक्सिननं केस लांबतात हे खरं, एथिलीन या दुसऱ्या संप्रेरकानंही. पण मात्रा जास्त झाली की मुख्य मुळाची लांबण थांबते. मग टोकाशी केसांची गर्दी होते आणि मूळ नव्या मातीत जात नाही. बाटलीत काय आहे आणि किती, हे लेबलवर स्पष्ट नसेल तर मी घेणार नाही. माझ्या मते निम्मा बाजार 'मुळं' या एका शब्दावर चाललाय.

हळदीचं_शिवार (सांगली)

रोपवाटिकेतून वांगी-मिरचीची रोपं आणते. काही रोपं लावल्यावर दोन दिवस मान टाकतात, ट्रेमधली टाकत नाहीत. तेही केसांमुळे?

मूळपुरुष (कऱ्हाड)

मोठा वाटा त्यांचाच. गादीवाफ्यातून उपटलं की केस मातीतच राहतात. आणि ज्या पेशीचा केस तुटला ती दुसरा काढत नाही. नवं टोक पुढं वाढून नव्या पेशींना केस येईपर्यंत रोप तहानलेलं. ट्रेमध्ये कोकोपीटचा गड्डा तसाच निघतो, केस शाबूत. म्हणून उपटण्याआधी वाफा भिजवायचा, मुळं झटकायची नाहीत, आणि लावणी उन्हं उतरल्यावर.

फळामास्तरीण (सातारा)

केस बाहेर येतो कुठून? पेशीच्या मधून?

जनुकवाला (मूळ गाव मिरज)

मधून नाही. मुळाच्या टोकाकडच्या बाजूला, ठरलेल्या जागी. तिथं आधी रॉप नावाच्या प्रथिनांचा ठिपका जमतो, पेशीभिंत थोडी आम्ल होऊन सैल पडते, फुगवटा येतो. मग वाढ फक्त शेंड्याची. तिथं आरएचडी-२ नावाचं प्रथिन ऑक्सिजनचे तिखट रेणू बनवतं, त्यानं कॅल्शियम आत येतं आणि शेंडा पुढं सरकतो. वेग मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर. म्हणजे अरेबिडॉप्सिसचा केस दिवसाभरात पुरा वाढतो. पेशीचं केंद्रकही त्याच्यामागोमाग नळीत शिरतं.

वाळव्याचा_गडी (ता. वाळवा)

शेवटचं. जूनमधी सोयाबीन पेरायचंय. बियाला रायझोबियमचा जिवाणू चोळायचा, त्याचा आन केसाचा संबंध हाय म्हनं?

मूळपुरुष (कऱ्हाड)

केसातूनच तर तो आत शिरतो. मूळ काही द्रव्यं सोडतं, जिवाणू त्याला उत्तर देतो, आणि केसाचा शेंडा आकड्यासारखा वळून जिवाणूला कवेत घेतो. मग केसाच्या आतून एक धागा तयार होतो आणि त्यातून जिवाणू खोल जातात, तिथं गाठ. हे जमतं ते नुकत्या फुटणाऱ्या कोवळ्या केसांशी. जुन्या केसांशी जमत नाही. म्हणून जिवाणू पेरणीच्या वेळीच बियाला लागलेला हवा, महिन्यानंतर वरून टाकून तेवढा उपयोग नाही.

वाळव्याचा_गडी (ता. वाळवा)

आन बुरशीनाशक आधी का नंतर?

द्राक्षवेडा (तासगाव)

आधी बुरशीनाशक, ते सुकू द्यायचं, सगळ्यात शेवटी रायझोबियम. १० किलो बियाला २५० ग्रॅमचं एक पाकीट. सावलीत चोळायचं, सावलीतच सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पाकिटावरची मुदत बघून घे, मागच्या वर्षीचं देतात.